परकं शहर कोणतं?

(बेलपाडा, ता. पनवेल इथं झालेल्या बैठकीतलं भाषण. बोललो तसंच, थोडं सावरून लिहून काढलंय.)



मला भाषणाची सवय नाही. मी गोदीतला मजूर. दहावीच्या पुढं शाळेनं मला नेलं नाही. कविता लिहितो, ती तुमच्यातल्या काहींना ठाऊक आहे. कविता म्हणायला उभं केलं असतं तर चार ओळींत मोकळा झालो असतो. पण बैठकीनं विषयच दिलाय, 'परक्या शहरातले पहिले दिवस'. त्याचं कारण तुम्ही जाणता. आपल्या वस्तीतली एक पोरगी पुढच्या महिन्यात इंग्लंडला शिकायला चाललीय. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती तिला मिळाली. तिचं नाव मी घेणार नाही, तिनंच सांगितलंय की माझा उदोउदो करू नका. ती इथंच पुढं बसलीय. तिच्या आईला झोप नाही. 'पोर तिथं एकटी काय खाईल, कुठं राहील, कोण विचारील तिला?' असं ती माऊली घराघरांत विचारत फिरते. आज आपण त्या माऊलीच्या प्रश्नावर बोलू.

मी स्वतः परदेश पाहिलेला नाही. पण परदेशाचं दार रोज उघडतो. न्हावाशेवा बंदर १९८९ साली सुरू झालं, तेव्हापासून या पट्ट्यातल्या हजारो हातांना तिथं काम लागलं. आमच्या आज्याच्या पिढीनं मुंबईच्या गोदीत पाठीवर गोणी वाहिल्या, आता आम्ही यार्डात कंटेनर रिकामे करतो. सील तुटतं, दार उघडतं आणि कुठल्या कुठल्या देशाची हवा तोंडावर येते. शांघाय, रॉटरडॅम, जेबेल अली. पेटी जग फिरून येते, तिला कुणी आडनाव विचारत नाही. आम्ही मात्र पाळी संपली की गेटवर हाजरी लावून घरी.

मराठीत प्रवासवर्णनांचा ढीग आहे. बर्फ पाहिला, बाग पाहिली, रस्ते कसे आरशासारखे, आणि शेवटी कुणा देशपांडे-कुलकर्ण्यांकडं वरणभात मिळाला, मन भरून आलं. चांगलं आहे. आपला त्यावर राग नाही. पण आपला माणूस कुठल्याही नव्या शहरात उतरला की बागेकडं बघायच्या आधी तीन गोष्टी बघतो : खोली कोण देईल, पाणी कुठं मिळेल आणि आडनाव कधी विचारतील. या तीन प्रश्नांचं प्रवासवर्णन कुणी लिहिलंय का? लिहिलंय. आपल्या बापानंच लिहिलंय. त्यावरच मी बोलणार आहे.

१९१३ सालची गोष्ट. फेब्रुवारीत सुभेदार रामजी गेले. घरात कर्ता पुरुष उरला नाही. भीमराव बावीस वर्षांचा, बी.ए. झालेला, घरी रमाई आणि मांडीवर लहानगा यशवंत. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड काही विद्यार्थी अमेरिकेला पाठवत होते. भीमरावाची निवड झाली. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. आणि त्या बदल्यात ४ जून १९१३ रोजी करारावर सही : शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी. आपल्या माणसाला फुकट काही मिळत नसतं, हे पोरी तू पण लक्षात ठेव. शिष्यवृत्ती ही भीक नाही, तो करार आहे. त्यांनी दहा वर्षं लिहून दिली तेव्हा बोटीचं तिकीट हातात आलं.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला उतरले. ज्या शहरात ओळखीचं कुत्रं नाही असं शहर. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले. तिथलं जेवण मानवेना. आठवड्याभरात तिथून हलले आणि वेस्ट ११४ व्या रस्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, तिथं काही हिंदी विद्यार्थी राहत होते. पुढं लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये गेले. तिथं खोलीत सोबती मिळाला, नवल भथेना. पारशी तरुण. ही दोस्ती जन्मभर टिकली. पुढं १९२० साली लंडनला अपुरं शिक्षण पुरं करायला जायचं होतं तेव्हा याच भथेनांनी कर्जाऊ पैसे दिले, शाहू महाराजांनीही मदत केली.

तेव्हा माऊली, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे. पोरीला तिथलं जेवण पहिल्या आठवड्यात मानवणार नाही. बाबासाहेबांनाही मानवलं नव्हतं. त्यासाठी परत यायचं नसतं, खोली बदलायची असते. एक नाही जमली तर दुसरी, दुसरी नाही तर तिसरी. सोबत शोधायची. भथेना काही आपल्या गावचा नव्हता, आपल्या भाषेचा नव्हता. परक्या शहरात माणूस जोडावा लागतो, तो आपोआप भेटत नाही.

धनंजय कीरांच्या चरित्रात त्यांच्या जेवणाचा हिशेब आलाय. एक कप कॉफी, दोन मफिन, म्हणजे गोडसर पाव समजा, आणि मटणाची किंवा माशाची एक बशी. खर्च एक डॉलर दहा सेंट. यातूनच घरी रमाईला पैसे पाठवायचे होते. मग काटकसर कुठं करायची? पोटात. आणि खर्च कुठं करायचा? जुन्या पुस्तकांच्या दुकानात. न्यूयॉर्कात त्यांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तकं घेतली असं कीर लिहितात. अठरा-अठरा तास अभ्यास. मला ओव्हरटाइम म्हणजे काय ते ठाऊक आहे. दोन पाळ्या लागोपाठ केल्या की डोळ्यापुढं काजवे येतात. हा माणूस रोज दोन पाळ्या करत होता आणि वर मुकादम कुणी नव्हता. मुकादम आतच बसलेला.

पण मला सगळ्यात मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. न्यूयॉर्कला उतरल्यावर थोड्याच दिवसांत, ४ ऑगस्ट १९१३ रोजी, त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिलं. नव्या शहरातून पहिलं पत्र कुणी लिहिलं तर त्यात काय असतं? इमारती किती उंच, थंडी किती, ट्राम किती. या पत्रात मुलींच्या शिक्षणाची गोष्ट आहे. आईबाप पोराला नुसता जन्म देतात, नशीब देत नाहीत, ही समजूत टाकून द्या, आईबाप पोरांचं आयुष्य घडवू शकतात, आणि मुलांच्या शिक्षणाबरोबर मुलींचं शिक्षण हातात घेतलंत तर आपली प्रगती झपाट्यानं होईल, असा त्याचा आशय. बावीस वर्षांचा पोरगा, खिशात मोजके डॉलर, नवं शहर, आणि त्या शहराकडं बघताना त्याला आपल्या वस्तीतली शाळेत न गेलेली पोर दिसली. त्या पत्राला शंभरावर वर्षं झाली. ती पोर आज इथं पुढं बसलीय. पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, पण उत्तर चाललंय.

आता अवघड भागाकडं येतो.

न्यूयॉर्कमध्ये त्यांना काय मिळालं? टेबलावर सगळ्यांबरोबर बसून जेवण. नळावर पाणी. ग्रंथालयात हवं ते पुस्तक. जॉन ड्यूई, सेलिग्मन, रॉबिन्सन यांच्यासारखे गुरू. १९१५ साली एम.ए. १९३० साली कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या पत्रिकेत त्यांनी लिहिलं की आयुष्यातले उत्तम मित्र म्हणजे तिथले काही सहाध्यायी आणि तिथले प्राध्यापक. हे सगळं वाचताना छाती फुगते. पण त्यांनी स्वतः आठवणी लिहिल्या तेव्हा काय लिहिलं बघा. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावानं त्या छापल्या गेल्यात. त्यात ते म्हणतात त्याचा अर्थ असा : अमेरिकेत आणि युरोपात राहिलेल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. परदेशानं दिलेली सगळ्यात मोठी पदवी ही. एम.ए.पेक्षा मोठी.

आणि ती पदवी काढून घेतली कुणी? परक्या शहरानं नाही. बडोद्यानं.

१९१७ साल. कराराप्रमाणं नोकरी करायला ते बडोद्याला उतरले. स्टेशनवर उतरल्याबरोबर प्रश्न : राहायचं कुठं? ज्या प्रश्नाचं उत्तर न्यूयॉर्कनं आठवड्यात तीनदा दिलं असतं, त्याचं उत्तर बडोद्याकडं नव्हतं. हिंदू खाणावळीत जागा मिळणार नाही हे ठाऊक. एका पारशी धर्मशाळेत गेले. रखवालदारानं ओळखलं की हा पारशी नाही. रोज दीड रुपया भाड्यावर आणि वहीत पारशी नाव लिहायच्या अटीवर वरच्या मजल्यावर राहायला दिलं. वर एक मोठं दालन, मोडक्या बाकांनी, खुर्च्यांनी भरलेलं. वीज नाही. एक कंदील. अंधारात वटवाघळं. कोलंबिया बघून आलेला माणूस त्या कंदिलापाशी रात्री पुस्तक घेऊन बसायचा आणि वटवाघळांच्या चिरचिराटानं ध्यान मोडायचं. कचेरीत शिपाई लांबूनच फायली टाकायचे, प्यायला पाणी मिळायचं नाही. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. तू कोण? आमची जागा बाटवलीस. संध्याकाळपर्यंत चालता हो.

दोघा मित्रांकडं विचारून पाहिलं. एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू म्हणाला, तू आलास तर माझे नोकर जातील. ख्रिस्ती म्हणाला, बायकोला विचारतो. धर्म बदलला होता, घरातली जात बदलली नव्हती. मग गाडीची वेळ होईपर्यंत, जवळपास पाच तास, ते कमाठी बागेत बसून राहिले. रात्रीच्या गाडीनं मुंबई. त्या जागेला आज आपण संकल्पभूमी म्हणतो.

आता मला सांगा, परकं शहर कोणतं? न्यूयॉर्क की बडोदा?

भथेनाही पारशी आणि काठी घेऊन आलेलेही पारशी. एकानं न्यूयॉर्कात खोली वाटून घेतली, दुसऱ्यांनी बडोद्यात जिन्यावरून उतरवलं. म्हणजे दोष एका समाजाच्या रक्तात नसतो. गावाच्या हवेत जे विष असतं ते सगळेच पितात, पारशी पितो, ख्रिस्ती पितो, मुसलमान पितो. हवा बदलली की माणूस माणसासारखा वागू शकतो. हे बाबासाहेबांनी पुस्तकात नव्हतं वाचलं, दोन शहरांत राहून तपासलं होतं.

व्हिसा कशाला लागतो? परदेशात शिरायला. आणि ज्या पुस्तकाच्या नावात व्हिसा आहे त्या पुस्तकात सातारा-गोरेगावचा प्रवास आहे, बडोदा आहे, चाळीसगाव आहे, दौलताबादचा किल्ला आहे. सगळी आपलीच गावं. आपल्याच गावात व्हिसासाठी रांगेत उभा राहिलेला माणूस तो. आपण सगळे त्या रांगेत आहोत.

माझंही सांगतो. मी इथंच, या खारघर-पनवेल पट्ट्यात खोली शोधत होतो. डिपॉझिट तयार, बंदरातलं काम, कागद तयार. एजंट खूश. मग मालक म्हणाला, 'पूर्ण नाव सांगा.' सांगितलं. 'गाव कुठलं?' सांगितलं. 'नॉनव्हेज चालतं का?' म्हटलं, चालतं, तुम्ही आलात तर तुम्हालाही वाढीन. दोन दिवसांनी एजंटचा फोन, खोली पाहुण्याला दिली. महिनाभर त्या खोलीच्या दारावर 'भाड्याने देणे आहे' हा बोर्ड लटकत होता. तो पाहुणा अजून यायचाय. आता काठ्या घेऊन कुणी जिना चढत नाही. आता फोन येतो. प्रगती झाली म्हणायची.

पण परदेश म्हणजे स्वर्ग, असं मी या पोरीला सांगणार नाही. तसं सांगणारा आपला दुश्मन समजा. ज्या १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले त्याच साली अमेरिकेचा नवा अध्यक्ष वुड्रो विल्सन याच्या राजवटीत सरकारी कचेऱ्यांत काळ्या माणसांची बसायची जागा, जेवायची जागा गोऱ्यांपासून वेगळी करायला सुरुवात झाली. दक्षिणेकडच्या राज्यांत आगगाडीचे डबे वेगळे, शाळा वेगळ्या, नळ वेगळे. कोलंबिया विद्यापीठाला लागूनच हार्लेम. काळी माणसं तेव्हा तिथं वस्ती करत होती. म्हणजे ज्या देशानं आपल्या बापाला टेबलावर जेवायला बसवलं, त्याच देशानं आपल्या भावाला ताटावरून उठवलं होतं. बाबासाहेबांना हे दिसत होतं. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस या काळ्या नेत्याला पत्र लिहिलं. काळ्यांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढं जातोय असं वाचलं, तो अर्ज मला पाठवा, आमच्या लोकांनाही तसं करायचं आहे, असा त्याचा विषय. ड्यू बॉईसनं त्याच वर्षी उत्तर दिलं. पुढं १९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर उभी राहिली आणि १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीनं दलित पँथर हे नाव घेतलं. ज्या बंदरातून माल येतो त्याच वाटेनं लढाईही येते. तिला कस्टम लागत नाही.

तेव्हा पोरी, तिथं कुणी तुला हसून खोली दिली, तर शेजारच्या काळ्या माणसाला, बांगलादेशी माणसाला ती देतात का, एवढं बघून ठेव. आपल्याला मिळालं म्हणून देश चांगला, असं आपण म्हणायचं नाही. तसं म्हणणारे इथं पुष्कळ आहेत.

आणखी एक. जात विमानात बसते. सामानात जात नाही, माणसात जाते. ९ मे १९१६ रोजी कोलंबियात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात बाबासाहेबांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. त्यात त्यांनी एका मराठी माणसाचा दाखला दिला. ज्ञानकोशवाले श्रीधर व्यंकटेश केतकर. तेही अमेरिकेत, कॉर्नेलला शिकलेले. त्यांच्या म्हणण्याचा अर्थ असा की हिंदू जगात दुसरीकडं जाऊन राहिले तर जात हा साऱ्या जगाचा प्रश्न होऊन बसेल. तेव्हा हे कुणाला खरं वाटलं असेल? १०७ वर्षांनी, २१ फेब्रुवारी २०२३ रोजी, अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या नगर परिषदेला जातीवरून भेदभाव करायला बंदी घालावी लागली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळानं तसं विधेयक मंजूर केलं, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरनं ते अडवलं. म्हणजे आपली माणसं तिथं पोचायच्या आधीच आपला प्रश्न तिथं पोचलाय.

तेव्हा तिथं कुणी गोड मराठीत विचारलं, 'तुमचं आडनाव काय हो? मूळ गाव कुठलं?' तर घाबरायचं नाही, लपवायचंही नाही. बडोद्याच्या वहीत खोटं नाव लिहायची पाळी आपल्या बापावर आली होती. ती एका पिढीनं भोगली, पुरे झालं. तू खरं नाव लिही. मोठ्या अक्षरात लिही.

आता बेलपाड्याबद्दल थोडं. १९७० साली सिडको आली आणि नवं शहर आखायला लागली. या पाड्याभोवतीची शेतं, खाजणं गेली. खारघर उभं राहिलं, टॉवर उठले. २०२३ च्या नोव्हेंबरात मेट्रो सुरू झाली, तिच्या एका स्टेशनाला बेलपाडा हे नावही मिळालं. नाव स्टेशनाला मिळालं, आणि पाडा टॉवरच्या सावलीत राहिला. इथल्या आगरी-कोळी माणसांनी जमिनीच्या दामासाठी लढा दिला, १९८४ च्या जानेवारीत उरण भागात गोळीबार झाला, पाच शेतकरी मेले. जे इथं पिढ्यान्‌पिढ्या होते ते परके झाले, आणि आम्ही पोटासाठी आलेले तर आधीपासूनच परके. म्हणून म्हणतो, परकं शहर समुद्रापलीकडंच असतं असं नाही. ते आपल्या झोपडीच्या दारात रातोरात उगवतं. मेट्रोच्या डब्यात बसून खाली आपली वस्ती बघा. कितीजणांना ती दिसते?

तेव्हा काम काय? पोरगी जाईल, शिकेल. शिष्यवृत्तीच्या जागा वर्षाला पंच्याहत्तर, आणि आपली पोरं लाखांनी. ज्यांना विमान मिळणार नाही त्यांचं काय? माझ्यासारख्यांचं काय? आपण इथंच राहणार. मग इथलं बडोदं मोडायचं काम आपलं. मी तीन गोष्टी मांडतो. एक, या वस्तीत अभ्यासाची एक खोली पाहिजे, रात्री दिवा जळणारी, ज्यात पाळी सुटून आलेला पोरगाही बसू शकेल. पुस्तकं मी जमवायला सुरुवात केलीय. दोन, खोली नाकारली की गप्प बसायचं नाही. जोडीनं जायचं, साक्षीदार घेऊन जायचं, लिहून काढायचं, तारीख टाकायची. बाबासाहेबांनी बडोद्याचे अकरा दिवस लिहून ठेवले नसते तर आज मी काय बोललो असतो? तीन, पोरी, हे तुझ्यासाठी. पहिल्या महिन्यात पत्र लिही. फोनवरचं बोलणं हवेत जातं. कागदावर लिही. खोली कशी मिळाली, काय खाल्लं, कुणी काय विचारलं, कोण दोस्त झालं, कोण तोंड फिरवून गेलं, सगळं. आम्ही ते या अंकात छापू. पुढच्या वर्षी जाणाऱ्या पोराच्या आईला ते वाचून दाखवू, म्हणजे तिला तरी झोप लागेल.

आणि माऊली, तुम्ही विचारता, तिथं पोरीला कोण विचारील? कुणी विचारणार नाही, तीच मोठी गोष्ट आहे. न्यूयॉर्कात तुमच्या-माझ्या बापाला, तू कोणाचा, म्हणून कुणी विचारलं नाही. त्या न विचारण्यातून तो माणूस केवढा झाला, ते बघा. पोरीला चार वर्षं कुणी न विचारो. मग ती परत येईल आणि इथल्यांना विचारील. तेव्हा उत्तर द्यायची तयारी त्यांनी आतापासून करावी.

जयभीम.